भिंतीवरच्या गोधड्या

ट्रंकेतून गोधडी काढली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि राजधानीतल्या मुनिरका वस्तीतली आमची खोली आठवते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगून मी आणि माझी मैत्रीण तिथे आमच्या ऑनलाइन चॅनेलसाठी स्पर्धा परीक्षेच्या मुलांवर मराठी मालिका शूट करायचो. नोएडातल्या एका स्ट्रीमिंग कंपनीने बोलावलं. तिथले साहेब म्हणाले, "अच्छा है, पर हिंदी में बनाओ, एक मर्डर डालो, और राइट्स सारे हमारे." मैत्रीण म्हणाली, "सर, इसमें माँ फोन पर मराठी में डाँटती है. हिंदी में डाँटेगी तो वो हमारी माँ नहीं रहेगी." समोरचा चहा तसाच ठेवून आम्ही उठलो. ती कंपनी पुढे बंद पडली, तिच्या मालिकाही तिच्याबरोबर गेल्या. आमची आई मात्र आमच्याच चॅनेलवर अजून रोज कुणाला तरी झापते.