उलेरीच्या पायऱ्या आणि पाव्हण्याची पिशवी

उलेरीची डोंगरवाट चढायला जायचं ठरलं ते ह्यांच्या हट्टापायी. गेल्या वर्षी ह्यांना हृदयात स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, सावकाश चालणार असाल तर डोंगर चढा. ह्यांनी त्यातलं ‘सावकाश’ तेवढं सोडलं. तपासणीला हे एकटेच जातात, मला दारातसुद्धा उभं करत नाहीत. त्यामुळं जिवाला घोर घेऊनच मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घराला कुलूप लावलं.

पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, सुनौलीला सीमा ओलांडून बसनं पोखरा. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. पुढं जीपनं पायथा गाठून तिखेढुंगाच्या लॉजवर मुक्काम केला. खोली स्वस्त, पण जेवण तिथंच घ्यायचं असतं. डाळ-भात घ्या, पुन्हा वाढतात.

सकाळी सातला निघालो. वाटाड्या सुरज पुढं, आमचं सामान न्यायला ठरवलेला हर्क मागं. हर्क पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. कपाळावरच्या पट्ट्यानं तो ओझं पेलतो. माझी पिशवी त्यानं घेतली. ह्यांची घ्यायला गेला, तर हे म्हणाले, “माझं वझं मी नेणार. तालमीत वाढलोय की.”

पूल ओलांडला आणि पायऱ्या सुरू झाल्या. वरच्या उलेरी गावापर्यंत नुसत्या दगडी पायऱ्या, तीन हजारांवर असतील म्हणतात. मी दर वळणावर मागं बघायची. ह्यांच्या कानशिलावर घाम, तोंड उघडं. दोन घोट पाणी प्यायलासुद्धा मला बसवेना. खेचरांची रांग आली की आतल्या अंगाला उभं राहायचं, तेवढाच काय तो ह्यांना विसावा.

सुरज मला हिंदीत हळूच म्हणाला, “हर्कला वाईट वाटतंय. वाटेतली माणसं विचारतात, पाहुणा तुझ्याकडं सामान का देत नाही?”

मी चार पायऱ्या खाली ह्यांच्यापाशी उतरले. “अहो, आपल्याकडं स्टँडवर पाव्हणं उतरलं की आधी हातातली पिशवी कोण घेतं?”

“मीच घेतो.”

“आणि न्हाई दिली तर?”

“राग येतो.”

“मग आज आपण पाव्हणं हाय.”

हे पायरीवर बसले. मग पट्टे सोडून पिशवी हर्कपुढं सरकवली. हर्क पहिल्यांदाच हसला. मला वाटलं, जिंकले मी. उलेरीत चहा, बांठांटीत जेवण, आणि उन्हं कलताना घोरेपानीचं लॉज. वर अंघोळीच्या गरम पाण्याचे पैसे वेगळे पडतात. शेगडीजवळ सगळे मोजे वाळवत बसले होते, पण माझं लक्ष ह्यांच्या श्वासाकडंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे बर्फाच्या डोंगरांवरचा सूर्योदय बघायला जवळच्या टेकडीवर निघाले, पण ह्यांनी यायला नकार दिला. “खालनंबी दिसतोय की डोंगर,” म्हणाले. आम्ही उतरलो.

कोल्हापूरला स्टँडवर पुतण्यानं पिशवी मागितली, ह्यांनी मुकाट दिली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले. म्हणाले, “त्या पायरीवर पिशवी दिली, ती तुझ्या बोलण्यानं न्हाई. छातीत कळ आल्ती.”

मला राग इतका आला की रडूच आलं. इतके दिवस हा माणूस गप्प होता.

“उद्या दवाखान्यात जातो,” हे म्हणाले. मग खाली बघत, “तू येतीस संगं?”

“उद्या कशाला?” मी म्हटलं. माझ्या चपला अजून पायातच होत्या.