डावीकडे उल्हासनगर, उजवीकडे बदलापूर

आमच्या खरवईच्या सोसायटीत उमाकाकूंइतकी जळकी बाई दुसरी नाही. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते, आणि पुढची हकिकतही त्यांनीच मला सांगितलेली.

त्यांचे श्यामकांतकाका अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. माणूस अबोल. इन्सुलिन सुरू झालं तेव्हापासून रोज सकाळी सुई काकूच टोचायच्या. एकाच जागी टोचत राहिलं तर गाठ येते, म्हणून काकूंनी काकांच्या पोटाला लोकलच्या वाटेवरची गावं वाटून दिली होती. डावीकडे उल्हासनगर, उजवीकडे बदलापूर. बेंबी म्हणजे अंबरनाथचं देऊळ, तिथे सुई लावायची नाही. काका शर्ट वर करून विचारायचे, "आज कुठं उतरायचं?" दिवसभरात बायकोशी आपणहून बोलायचे ते एवढंच.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या. इकडे दवाखान्यातल्या शलाका सिस्टरने काकांना इन्सुलिनच्या पेनने आपलं आपण टोचून घ्यायला शिकवलं. काकू परतल्या, तर काका पेन लावून मोकळे! वर म्हणतात, "शलाका म्हणते, दहा आकडे मोजून मगच सुई काढायची."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग तिच्याच हातचं जेवा," म्हणत त्यांनी कढईवर झाकण आपटलं. त्या दिवसापासून सुईचा विषयच काढला नाही.

तपासणीला मात्र त्या मुद्दाम सोबत गेल्या. शलाका एका आजींना समजावत होती, "आज उल्हासनगर, उद्या बदलापूर. बेंबी म्हणजे अंबरनाथ, तिथं नाय टोचायचं."

"हे तुला कुणी शिकवलं?" काकूंनी विचारलं.

"काकांनी! एकदम मस्त आयडिया. मी सगळ्या पेशंटना हेच सांगते."

काकू लालबुंद झाल्या. दोघांतली गोष्ट नवऱ्याने गावभर केली, आणि तीही हिच्या तोंडून!

शलाकाने काकांचं पोट दाबून पाहिलं. डावीकडे चांगली गाठ होती. "काय हे काका? आम्हाला शिकवलं आणि तुम्ही रोज उल्हासनगरलाच? म्हणूनच शुगर खाली येत नाहीये."

काका मान खाली घालून म्हणाले, "कुठं उतरायचं ते ही सांगते. मध्ये ही नव्हती. आता आहे, पण सांगत नाही."

काकूंना भडभडून आलं. त्या रिक्षात बसल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "उद्या बदलापूर."

"बरं."

"आणि हे त्या सटवीला सांगायचं नाही."