छातीवरचं पोतं

पोतंमास्तरांना कोणी पूर्ण श्वास सोडलेला बघवत नसे. समोरच्याने उसासा टाकला की ते लगेच टोकायचे, "अर्धाच सोड. अर्धा ठेव." त्यांच्या बायकोला त्या घरात धड सुस्कारासुद्धा टाकता आला नाही. मास्तर अक्कलकोटकडचे, हवाई दलातून निवृत्त होऊन सोलापुरात आमच्या गल्लीत राहायला आलेले. वैमानिकांना बसवून गरगर फिरवणाऱ्या यंत्रात त्यांचे पट्टे आवळायचे, हे यांचं नोकरीभराचं काम. स्वतः कधी विमान चालवलं नाही, पण दुसऱ्याला वैमानिक करायची भारी हौस. आणि मला, माझं नशीब, वैमानिकच व्हायचं होतं.

बारावीनंतर मी रोज सकाळी त्यांच्या गच्चीवर जायचे. आधी सतरंजीवर उताणं झोपायचं. मास्तर छातीवर ज्वारीचं अर्धं पोतं ठेवायचे. त्यावरूनच गल्लीने त्यांचं नाव पाडलेलं. "विमान गर्रकन वळलं की पाच जी. म्हंजे वजन पाचपट. बरगड्याबी पाचपट जड. श्वास सोडायला काय लागत न्हाय, घ्यायला लई लागतंय." मग खुर्चीत बसून पोटऱ्या-पोट दगडासारखं आवळायचं, श्वास कोंडायचा, तीन आकडे मोजायचे, इवलीशी फुंकर सोडून गपकन हवा आत घ्यायची आणि पुन्हा कोंडायचं. हुकूम कानडीत. "हिडि!" म्हणजे धर, "बिडु!" म्हणजे सोड. जरा जास्त सोडली की ओरडायचे, "सगळी हवा सोडलीस तर रक्त पायात उतरतंय की! डोळ्यांफुडं अंधार. संपलं!"

मी पुस्तकं वाचून वाद घालायचे. पोतं फक्त बाहेरून दाबतं, मास्तर. विमानात रक्तही जड होतं, फुप्फुसाच्या तळाशी साचतं, आणि वरच्या भागात नुसती हवा राहते, ती घ्यायला रक्तच नाही. मास्तर शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "मग रक्तावर पोतं कसं ठिवू, सांग की." या माणसापुढे डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. दोन वर्षं मी हिडि-बिडु करत राहिले.

पदवीच्या शेवटच्या वर्षी हवाई दलात वैमानिक म्हणून माझी निवड झाली. राहिली फक्त वैद्यकीय तपासणी. तिथे एका नळीत फुंकायचं होतं. छाती भरून घ्या आणि एका दमात शेवटपर्यंत रिकामी करा, इतकं सोपं. मी छाती भरली, जरा फुंकलं आणि गळा आपोआप बंद झाला. डॉक्टर म्हणाले, "अहो, सोडा ना सगळी!" दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. सोड म्हटल्यावर सगळं सोडायचं हे माझं शरीर विसरूनच गेलं होतं. कागदावर फुप्फुसं कमकुवत अशी नोंद झाली. ज्या छातीने दोन वर्षं पोती पेलली, ती कमकुवत!

घरी येऊन मी मास्तरांच्या नावाने इतका थयथयाट केला की तो त्यांच्या गच्चीपर्यंत ऐकू गेला असणार. फेरतपासणीसाठी अर्ज करता येत होता, पण माझं एकच पालुपद, आता नाव काढू नका. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळीच मास्तर आले. अर्ज त्यांनी स्वतः भरून आणला होता, फक्त माझी सही हवी होती. मी खोलीला आतून कडी लावली.

"पोरी, चूक माझी हाय," ते दाराबाहेरून म्हणाले. त्यांनी चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "तुला धरायला शिकिवलं, सोडायला शिकिवलंच न्हाय. दोन दिवसांत शिकिवतो की. सही तर कर." आई म्हणाली, अगं दार उघड. मी कडी काढली नाही. मास्तर दुपारपर्यंत बाहेर खुर्चीवर बसून होते. मग अर्ज दाराखालून आत सरकवून गेले. तरी मी उठले नाही. संध्याकाळी मुदत संपली.

पुढच्या वर्षी मास्तर वारले. मी आता कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ओळखीचे लोक हळहळतात, त्या म्हाताऱ्याने पोरीचं वाटोळं केलं म्हणतात, आणि मी मान डोलावते. सही करायला एक मिनिट लागलं असतं, हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.