भारतमातेला लावलेली पावडर

महानंदा मॅडमना शाळेत सगळे भांडकुदळ म्हणतात. म्हणू देत. मी स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसते, आणि मला विचाराल तर ही बाई भांडायला पाहिजे तितकी भांडतच नाही.

त्या मूळच्या देवणीच्या. वडील गुरुलिंग आप्पा, त्यांचं तिथं किराणा दुकान. घरात दोन मुली. थोरली गोरी, धाकटी महानंदा काळी. साखर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक गल्ल्याजवळ बसलेल्या धाकटीकडं बघून विचारायचं, "आप्पा, ही पण तुमचीच का?" आप्पा नुसते हसायचे. गिऱ्हाईकाचं विचारणं मॅडम विसरल्या असतील, पण आप्पांचं ते हसणं त्यांना अजून सलतं. पुढं बघायला आलेली मंडळी "मुलगी हुशार आहे" म्हणून उठायची. आपल्याकडं असं म्हणून उठलेली मंडळी परत येत नाहीत.

मग त्या नांदेडला एम.ए. करायला गेल्या. तिथं अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर आणि त्यांच्या शिक्षणावर एक पेपर होता. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची नक्कल करायचे आणि गोरे प्रेक्षक पोट धरून हसायचे, असं त्यात वाचलं आणि मॅडमना एकदम आपल्या शाळेचं गॅदरिंग आठवलं. "एवढ्या लांब कशाला जायला पाहिजे?" त्या मला म्हणाल्या. "आमच्या देवणीत दरवर्षी हेच चालायचं."

औशाला आमच्या शाळेतही हेच चालतं. प्रत्येक गॅदरिंगला 'जंगल डान्स' असतो. पोरांच्या अंगाला तेलात कालवलेली काजळी फासायची, कमरेला डहाळ्या बांधायच्या, हातात भाले द्यायचे आणि हू हू करत उड्या मारायला लावायचं. निवेदक माइकवरून सांगतो, "आता येत आहेत आफ्रिकेचे पाहुणे." लोक शिट्ट्या मारतात. पहिलं बक्षीस ठरलेलंच असतं.

यंदा तालमीच्या वेळी खेळाचे शिक्षक सोमेश सर कुणाला किती काजळी लागेल ते बघत होते. सातवीतल्या बुद्धप्रियापाशी येऊन थांबले. "हिला काय लावायची गरज न्हाई. ही घरूनच तयार होऊन आली," म्हणाले. पोरं हसली. बुद्धप्रियाही हसली. मॅडमना सहन झालं नाही ते तिचं हसणं.

त्या तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. मी मागोमाग.

"सर, तो नाच बंद करा."

"का हो? लोकांना लई आवडतो."

"आपल्याकडं तोंडाला काळं फासतात ते माणसाची धिंड काढायची असली की. अन् आपण पोरांना काय शिकवायलोत? की काही माणसं जन्मतःच तसली असतात, हसण्यासारखी."

"मॅडम, राईचा पर्वत करू नका. आफ्रिकेतलं कोण बघायला येणार हाय हितं?"

"आफ्रिकेतलं कुणी न्हाई येणार. बुद्धप्रिया येणार हाय."

सर फाइल चाळायला लागले. पटलं नाही की ते फाइल चाळतात.

मॅडम बुद्धप्रियाला भेटल्या, तू त्या नाचात राहू नको म्हणून सांगायला. पोर मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मला दुसऱ्या कुठल्याच नाचात घेत न्हाईत."

खोटं काय होतं त्यात? स्वागतगीत असो की कोळीगीत, पुढच्या रांगेत त्याच त्या बड्या घरच्या गोऱ्यागोमट्या पोरी. बुद्धप्रिया भीमनगरातली, आई दुसऱ्याच्या शेतात कामाला. नाचते मात्र सगळ्यांत सुरेख. "मला नुसता रंग नडला," मॅडम त्या दिवशी म्हणाल्या. "दुकानदाराची पोर म्हणून मास्तरांनी पुढच्या बाकावर तरी बसवलं. हिला रंगही नडतो अन् वस्तीही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांकडं थेट भारतमाता मागितली. गॅदरिंगचा शेवट भारतमातेच्या देखाव्यानं होतो. मुकुट, जरीची साडी, हातात झेंडा. ते काम कायम शाळेतल्या सगळ्यांत गोऱ्या मुलीला मिळतं, आणि आजवर कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "बुद्धप्रिया भारतमाता झाली पाहिजे. न्हाई म्हणत असाल तर का न्हाई, ते मी माइकवर सगळ्या पालकांसमोर विचारीन." सर घाबरले आणि हो म्हणाले. जंगल डान्स मात्र काढला नाही.

गॅदरिंगच्या दिवशी सरांनी मॅडमना मुद्दामच पाहुण्यांच्या स्वागताला ठेवलं. पडद्यामागं त्यांना फिरकता आलं नाही. मुलांना रंगवायला लातूरहून माणूस आणला होता. आम्ही दोघी पालकांच्या रांगेत बसलो. मॅडमच्या पलीकडं बुद्धप्रियाची आई, कामाचा खाडा करून आलेली. पोरीनं तिला एवढंच सांगितलं होतं, "ये, मी स्टेजवर हाय." कोण होणार ते गुपित ठेवलं होतं.

जंगल डान्स झाला. गोरी पोरं काळी होऊन नाचली, लोक हसले. मग दिवे गेले, गाणं सुरू झालं आणि पडदा उघडला.

भारतमाता पांढरीफटक होती. कपाळ, गाल, मान, झेंडा धरलेले हात, सगळीकडं पावडरचा थर. त्या माणसाला कुणी सांगितलंही नसेल. कशाला सांगावं लागतंय? भारतमाता गोरीच असते, हे त्याला शाळेतच शिकवलेलं होतं. मॅडमनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. वर ती पोर हलायचं नाही म्हणून श्वास रोखून उभी होती आणि डोळ्यांनी गर्दीत आईला शोधत होती.

टाळ्या पडत होत्या. आई मात्र मान उंच करून स्टेजच्या कडेला बघत होती. तिनं मॅडमना विचारलं, "आमची बुद्धप्रिया कधी येणार हाय?"

मीच बोट केलं. "ती काय, झेंडा धरलेली."

आईनं नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली.

"न्हाई हो बाई. ही दुसऱ्या कुणाची तरी हाय. आमची काळी हाय."