शेखा मनसूरियाचं तोंड

अल्जीरियातल्या आमच्या ऐन तेमूशेंत गावात शेखा मनसूरियाचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिला रस्त्यात ओळखेल असाही सापडायचा नाही. यात माझा हात आहे. ते पुढे सांगतो, लगेच सांगायची हिंमत होत नाही.

शेखा म्हणजे लग्नात, सुंतेच्या जेवणात, पिराच्या जत्रेत गाणारी बाई. मनसूरिया सदुसष्ट वर्षांची. अंगावर डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलेलं पांढरं वस्त्र, हाइक, हनुवटीवर निळं गोंदण, पुढे एक सोन्याचा दात. बोलायला लागली की तीन दुकानं कान देतात. बाजारात भाजीवाला तिचंच गाणं मोठ्याने लावून बसतो आणि तिलाच म्हणतो, "म्हातारे, सरक जरा, गिऱ्हाईक खोळंबलंय." ती सरकत नाही. टोमॅटो एकेक दाबून बघते.

मी जिलाली. टॅक्सीअड्ड्यासमोर माझं गाण्यांचं दुकान आहे. आधी कॅसेट विकल्या, मग सीडी, आता पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो. अलीकडे टॅक्सीवाल्यांनी गाडीत तळहाताएवढा पडदा असलेले नवे प्लेयर बसवलेत. गाणं लागलं की त्यावर सीडीचं चित्र दिसतं. सगळी कटकट तिथून सुरू झाली.

एका सकाळी मनसूरिया पावाच्या टोपलीत अकरा सीडी घेऊन दुकानात आली आणि टोपली माझ्या पुढ्यात आदळली.

"वलीदी, बाळा, ही सगळी गाणी त्या तुझ्या काडीत भर. टॅक्सीवाल्यांना वाटायचीत." मग वरच्या सीडीवर बोट आपटून म्हणाली, "आणि हिला काढ."

वेष्टनावर पिवळ्या केसांची एक पोरगी, कानाला टेलिफोन लावून हसत होती. अकराच्या अकरा वेष्टनांवर तीच. आमच्याकडे तेव्हा रीतच होती तशी. गाणाऱ्या बाईचा फोटो घरचे छापू देत नसत, मग दुसरीच कुणी देखणी बाई छापायची. मनसूरियाच्या भावाने, कद्दूरने, तेव्हा सांगितलं होतं, "आवाज घराबाहेर गेला तेवढा पुरे. तोंड जाता कामा नये." कॅसेट काढणारा तर खूशच झाला, गोरी पोरगी जास्त खपते म्हणून. मनसूरियाही तेव्हा मूग गिळून बसली.

पण एकदा ती शेजारच्या गावात लग्नाला गायला गेली आणि नवऱ्याकडच्यांनी तिला दारातच अडवलं. "आम्ही मनसूरियाला बोलावलंय. ती कुठे आहे, पिवळ्या केसांची?" तिने दारातच उभ्याने अर्धं गाणं म्हणून दाखवलं, तेव्हा कुठे आत घेतलं. परीक्षेला बसवलेल्या पोरीसारखं वाटलं, असं ती सांगायची, आणि सांगताना हसायची नाही.

"मी मेले ना जिलाली, तर लोक हिच्यासाठी रडतील," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही. माझं नाव कुठे लिहिलंय, बरोबर लिहिलंय का, मला काय कळणार? तोंड मात्र कळतं. कोण रे ही?"

"मला काय माहीत, खालती," मी म्हणालो. खालती म्हणजे मावशी; मावशीशी साफ खोटं बोललो.

पहिली सीडी कॉम्प्युटरमध्ये सरकवली. गाणी उतरायला लागली, आणि दोन मिनिटांत पडद्यावर पिवळे केस हजर.

"ही कुठून आली? वेष्टन तर माझ्या हातात आहे!"

"इंटरनेटवरून आली. कुणीतरी, कुठेतरी तुझी सीडी चित्रासकट नोंदवून ठेवलीय. कॉम्प्युटर सीडी ओळखतो आणि चित्र आपोआप ओढून आणतो."

"म्हणजे तिकडेसुद्धा लोक हिलाच मनसूरिया समजतात?"

"हो."

"मग तिकडूनही काढ."

"तिकडचं माझ्या हातात नाही."

"मग तुझ्या हातात आहे तरी काय? तो चहाचा पेला?"

मी पेला खाली ठेवला. कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडलं. म्हटलं, "खालती, आपण गुलाबाचं फूल टाकू या. सुंदर दिसेल, आणि कुणाला वावगंही वाटणार नाही."

"फुलाला गळा असतो?"

दुसऱ्या दिवशी ती फोटो स्टुडिओत जाऊन आली. स्टुडिओवाल्याने हौसेने तिच्या सुरकुत्या पुसल्या होत्या आणि हनुवटीचं गोंदण उडवलं होतं. तिने त्याला पुन्हा बसवलं आणि सगळं जागच्या जागी आणवलं. एकेक सुरकुती मोजून घेतली असेल. फोटोत ती हसत नव्हती, नजर रोखून पाहत होती. मला तो फोटो फार वेळ बघवला नाही.

पुढचे चार दिवस माझे हाल झाले. पहिला पेनड्राइव्ह बूझियान टॅक्सीवाल्याच्या गाडीत लावला तर आवाजच येईना. माझ्या कॉम्प्युटरने गाणी त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये साठवली होती आणि गाडीचा प्लेयर तो फॉरमॅट ओळखत नव्हता. सगळी एमपीथ्री केली. गाणी वाजली, पण त्या बदलात फोटो गळून पडला, पडद्यावर नुसतं काळं. पुन्हा फोटो चिकटवला, पुन्हा काळं. स्टुडिओवाल्याने भिंतीवर लावायच्या मापाचा फोटो दिला होता, तो एवढ्याशा प्लेयरला पेलेना. मग तो तीनशे बाय तीनशे ठिपक्यांइतका लहान केला. माझ्या दुकानात मनसूरिया झकास दिसली. पेनड्राइव्ह घेऊन गाडीत गेलो, तर तिथे परत टेलिफोन आणि पिवळे केस!

मी कपाळावर हात मारला. बूझियान पोट धरधरून हसला. "तिला यायचंच आहे रे जिलाली. तू कशाला अडवतोस?"

"तू गाडी चालव," मी म्हणालो.

दोन दिवस डोळे फोडल्यावर उलगडा झाला. पहिल्याच दिवशी, मी इंटरनेट तोडायच्या आधी, कॉम्प्युटरने ते चित्र उतरवून घेतलं होतं आणि फोल्डरमध्ये लपवून ठेवलं होतं. नेहमी दिसतच नाही अशी फाइल. पुढे मी लहान केलेला फोटो लावायला घेतला, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या आत त्याने आधी तेच चिकटवलं होतं. मी मनसूरियाचा फोटो घातला तो दुसरा. माझा कॉम्प्युटर शेवटचा दाखवतो; गाडीचा प्लेयर पहिला दिसेल तो दाखवतो, दुसऱ्याला विचारत नाही.

मनसूरियाला हे सांगितलं तेव्हा तिने पडद्यावरच्या पिवळ्या केसांवर बोट ठेवलं.

"म्हणजे माझ्या गाण्यात ती पुढे बसलीय आणि मी तिच्या मागे."

"हो. पण आता सापडलीय. लपलेली चित्रं मी काढलीच. गाण्यांतलीही एका झटक्यात सगळी काढतो."

"एका झटक्यात नको. ती माझ्या एकेका गाण्यावर बसली होती. मी एकेका गाण्यावरून उठवणार. मला शिकव."

"खालती, अठ्ठ्याऐंशी गाणी आहेत!"

"मला माहीत आहे किती आहेत. मी गायलीत."

मी तिला खुर्ची दिली, माऊस धरायला शिकवलं, पुसायच्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. पहिल्या तासात तिने दोन गाणीच उडवून टाकली. गाणी मी परत उतरवली, ती माझ्यावर ओरडली, मी तिच्यावर ओरडलो. मग हात बसला. चित्र निवडायचं, लाल ठिपका दाबायचा, आणि प्रत्येक वेळी म्हणायचं, "ऊठ बाई. तुझं गाणं तू म्हण." दुपारी मी हरभऱ्याच्या पिठाची गरम करंतिका आणली तर ती एका हाताने खात होती आणि दुसऱ्याने दाबत होती.

पन्नासाव्या गाण्याच्या आसपास मला राहवेना. म्हणालो, "खालती, ही पोरगी मी आणली. तेव्हा मी छापखान्यात कॅसेटची वेष्टनं करायचो. विणकामाच्या एका जुन्या मासिकातून हिला कात्रीने कापली. हिच्या हातात लोकरीचा गुंडा होता, त्यावर मी टेलिफोन चिकटवला. एकवीस वर्षं झाली."

तिने मान वर केली नाही. "माहीत आहे. छापखान्याचा मालक तेव्हाच बोलला होता."

"आणि तरी तू माझ्याकडे आलीस?"

"म्हणूनच आले. बाकीच्या दुकानांत काय माऊस नाहीत?" आणि लाल ठिपका दाबला. "ऊठ बाई. तुझं गाणं तू म्हण."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी पेला विसळायला मागे गेलो.

बाहेर आलो तर दारात कद्दूर उभा. हज करून आलेला, हातात काठी, गावात वजन. नाकाला मिरच्या झोंबलेल्या.

"जिलाली, आधीचं चित्र परत लाव. माझ्या बहिणीचं तोंड काय टॅक्सी-टॅक्सीत फिरणार? लोक काय म्हणतील?"

मी मनसूरियाकडे बघितलं. ती कामातून उठलीच नाही.

"काय म्हणतील ते त्यांना म्हणू दे. ज्या छपराखाली तू झोपतोस ना, कद्दूर, ते माझ्या गळ्यातून उभं राहिलंय. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही, तूही नाही."

"या वयात माझं नाक कापणार तू!"

"एवढी वर्षं मला तोंड नव्हतं, त्याचं काही नाही. तुझ्या नाकाची काळजी! दारातून सरक, मला उजेड लागतो."

"तुझं तोंड लावलेल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही," कद्दूर म्हणाला आणि काठी आपटत गेला. अठ्ठ्याऐंशी गाणी तिने त्या दिवशीच संपवली.

मंगळवारी सकाळी ती स्वतः पेनड्राइव्ह घेऊन अड्ड्यावर गेली, मागोमाग मी. बूझियानची ओरान शहराला जाणारी गाडी भरत आली होती. पेनड्राइव्ह लागला, बासरी सुरू झाली, आणि पडद्यावर मनसूरिया उमटली. गोंदणासकट, रोखलेल्या नजरेसकट.

"जिलाली!" बूझियान ओरडला. "तुझ्या आजीचा फोटो लागलाय चुकून!"

सगळे टॅक्सीवाले जमले. हसायला लागले.

"ती मी आहे," मनसूरिया म्हणाली.

"खालती, राग मानू नका, पण मनसूरिया पिवळ्या केसांची. शाळेत होतो तेव्हापासून बघतोय मी तिला," बूझियान म्हणाला.

एकजण म्हणाला, "असेल शेखा तर गाऊन दाखवू दे!" मीही मूर्खासारखा हळूच म्हणालो, "म्हण ना खालती, एकच ओळ. गप्प बसतील."

ती माझ्याकडे अशी वळली की मी एक पाऊल मागे सरलो.

"नाही म्हणणार. अठ्ठ्याऐंशी गाणी म्हटलीत, ती वाजतायत तिथे. आता आणखी परीक्षा नाही द्यायची मला. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर काडी परत द्या."

बूझियानने काडी काढायला हात नेला. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. कद्दूरला दर मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओरानला जावं लागतं. पुढची गाडी दुपारी होती, आणि या गाडीत एकच जागा उरली होती, ड्रायव्हरशेजारची. पडद्याच्या अगदी समोर.

त्याने पडदा बघितला, बहीण बघितली, आणि जागच्या जागी थांबला.

बूझियानने त्यालाच विचारलं, "हाज, तुम्ही या खालतीच्या घरचे ना? तुम्हीच सांगा, ही खरंच मनसूरिया आहे का? तुम्ही सांगाल ते आम्ही मानू."

गाणं चालूच होतं. कद्दूरने एक 'नाही' म्हटलं असतं तर ती गावभर खोटारडी ठरली असती, आणि काडी माझ्या खिशात परत आली असती.

मनसूरियाने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"सांग ना," ती म्हणाली. "नाहीतर सांग, तू त्या टेलिफोनवालीचा भाऊ आहेस म्हणून. केस रंगवून घे मग."

कुणीतरी फिसकन हसलं. कद्दूर कुणाकडेच न बघता आत बसला, काठी गुडघ्यांत धरली. पडदा त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर होता.

"तीच आहे," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "माझी थोरली बहीण. आता चल, डॉक्टर थांबायचा नाही."

मनसूरियाने दार धाडकन लावलं. मग खिडकीतून आत वाकून बूझियानला म्हणाली, "आवाज वाढव. ओरानपर्यंत कमी करायचा नाही."

बूझियानने वाढवला.