मशीन क्रमांक चारवरून फोटो जात नाही

निवृत्त झाल्यावर माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. माझं मत, काहीतरी उपयोगाचं करावं. ह्यांचं मत, ते घराबाहेर करावं. शनिवार पेठेतल्या एका अभ्यासिकेने दोघांचंही समाधान केलं. कारखान्याच्या संगणक विभागात मी तीस वर्षं काढली होती आणि अभ्यासिकेला सहा संगणक सांभाळणारं, पगार न मागणारं कोणीतरी हवं होतं. नारायण पेठेतल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. चहाही बरा मिळतो.

तिथे येणारी मुलंमुली स्पर्धा परीक्षांची. बरीचशी विदर्भातली, वाघोलीकडे चौघं-चौघं मिळून खोली घेऊन राहणारी. हॉलमध्ये बोलायला बंदी. तक्रार असली तर ती वहीत लिहायची, नाव न घालता, फक्त आसन क्रमांक टाकून. खाली उत्तर लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडायचं. ‘पंखा आवाज करतो’ याखाली मी लिहिलं होतं, ‘वाराही देतो.’ चहा पिता पिता मुलं वही वाचून हसायची आणि मी आत ऑफिसात बसून ते ऐकायचे.

त्या पावसाळ्यानंतर अभ्यासिकेत पत्त्यांच्या एका ऑनलाइन जुगाराचं वेड शिरलं. सहापैकी दोन मशीनवर कायम तेच. मी फायरवॉलमध्ये त्या साइटचं नाव घातलं. फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या तारेवरचा आपला दारवान; कोणाला जाऊ द्यायचं आणि कोणाला नाही, हे त्याला सांगून ठेवायचं. तीन दिवसांत तोच खेळ दुसऱ्या नावाने हजर. तेही नाव अडवलं, तर तिसरं. मग मी नाव सोडून त्याचा पत्ता काढला, म्हणजे तो ज्या सर्व्हरवर राहतो त्याचा क्रमांक, आणि तोच अडवला. दुसऱ्या दिवशी पत्ताही बदललेला.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळत होतं. हा खेळ क्लाउडवर होता. क्लाउड म्हणजे भाड्याने दिलेली मोठी इमारत. हजारो भाडेकरू, आज या खोलीत तर उद्या त्या खोलीत. एकाच्या मागे कुठवर धावणार? मला राग आला आणि रागाच्या भरात मी ती अख्खी इमारतच बंद केली. त्या क्लाउडच्या पत्त्यांची पूर्ण रांग एका नियमात अडवून टाकली. ‘ही साइट बंद आहे’ असा निरोप पडद्यावर दाखवायची सोय होती, तीही मी काढली. जुगाऱ्यांना उत्तर तरी कशाला द्यायचं? बसा गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत.

खेळ थांबला. अभ्यासिकेच्या अध्यक्षांनी माझं कौतुक केलं आणि मी घरी येऊन ते ह्यांना दोनदा सांगितलं. “ऐकलं की मघाशी,” हे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बुधवारी वहीत एक ओळ होती. ‘मशीन क्र. ४ वरून फोटो जात नाही. आसन ३१.’ फोटो! मी समजायचं ते समजले आणि खाली लिहिलं, ‘फोटो चढवायला आपलं घर आहे. अभ्यासिकेत अभ्यास करणाऱ्यांनीच यावे.’ बाहेर कोणीतरी हसलं. गुरुवारी त्याच अक्षरात, ‘फोटो नवीन काढला. तरी जात नाही. क्षमस्व.’ मी लिहिलं, ‘क्षमा केली.’

शुक्रवारी मी गेले नव्हते. शनिवारी दुपारी साडेतीनला वही उघडली, तर आदल्या दिवशीची ओळ होती. ‘तिसऱ्यांदा फोटो काढला, मागे पांढरा पडदा लावून. अर्जाची मुदत उद्या संध्याकाळी सहापर्यंत आहे.’

मी ती ओळ पुन्हा वाचली. तो परीक्षेचा अर्ज होता. अर्जाचं पान उघडत असणार, पण फोटो जिथे जमा होतो ते कोठार त्याच क्लाउडवर असणार, मी बंद केलेल्या इमारतीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं हे मला शाळेपासून पाठ होतं. फायरवॉलच्या नोंदी उघडल्या. मशीन चार, मशीन चार, मशीन चार. बुधवारपासून पानंच्या पानं तेच. एकतीसवरच्या मुलीने किती वेळा प्रयत्न केला होता! आणि माझ्या दारवानाने एकदाही तोंड उघडलं नव्हतं, म्हणून बिचारी आपल्याच चेहऱ्यात खोट शोधत बसली होती.

नियम मी तिथल्या तिथे काढून टाकला. जुगार परत येईल तर येऊ दे. (दोन दिवसांत आलाच. आता मी नावं अडवते, आणि तरीही जो खेळतो त्याच्या खुर्चीमागे स्वतः जाऊन उभी राहते. हा उपाय सर्वांत गुणकारी आहे.)

हॉलमध्ये गेले. आसन एकतीस रिकामं होतं. अभ्यासिकेच्या प्रवेश अर्जावरून तिचा नंबर काढून फोन केला.

“आपण एकतीस नंबरवर बसता ना? मी अभ्यासिकेतून बोलतेय. कुठे आहात?”

“बसमध्ये आहे मॅडम. रूमवर चालली.”

“अर्ज गेला का तुमचा?”

“नाही ना मॅडम. तो फोटोच जाऊन नाही राहिला. मोबाईलवर तर पानच नीट दिसत नाही. जाऊ द्या आता, पुढच्या वर्षी पाहीन.”

पुढच्या वर्षी! चार वाजत होते आणि ती येरवड्याच्या पुढे गेली होती. माझं ‘आपण’ गळून पडलं. “अगं, उतर आधी! फोटोत काही नाही, आमच्याकडेच बंद होतं. मी चालू केलंय. रिक्षा कर आणि ये.”

ती आली तेव्हा पाच वाजून गेले होते. रिक्षा केलीच नव्हती, उलटी बस पकडून आली होती. बारीक, घामाने निथळलेली, पाठीवर फुगलेली बॅग आणि हातात कापडी पिशवी. मशीन चारवर बसली. माऊस मी धरला. फोटो निवडला. चकती फिरली, माझा जीव तिच्याबरोबर फिरला, आणि फोटो आला. पांढऱ्या पडद्यापुढे ताठ बसलेली, डोळे जरा जास्तच उघडे ठेवलेली ती पडद्यावर दिसली आणि आम्ही दोघी एकदमच हसलो. पावणेसहाला अर्ज दाखल झाल्याची पावती छापून तिच्या हातात दिली. मला इतका आनंद झाला की मी तिला ऑफिसात नेऊन माझ्या वाटणीचा चहा दिला.

चहा संपवून ती उठली आणि दारात घोटाळली.

“मॅडम, मी सोमवारी येऊ की नको?”

“का बरं?”

“तुम्ही लिहिलं होतं ना, अभ्यास करणाऱ्यांनीच यावं म्हणून. मी सामान काढूनच निघाली होती.”

तेव्हा कुठे माझं लक्ष त्या बॅगेकडे गेलं. वर्षभराची पुस्तकं, वह्या, पाण्याची बाटली, खुर्चीवरची उशीसुद्धा पिशवीत कोंबलेली. मी गंमत केली होती आणि माझ्या गमतीवर बाहेर लोक हसले होते. ही एकटी गुमान सामान आवरत होती. मला स्वतःची लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

मी बॅग उचलली आणि आसन एकतीसवर नेऊन पुस्तकं एकेक करून मांडायला लागले. ती “राहू द्या मॅडम, राहू द्या” म्हणत मागे मागे येत होती. शेवटी उशी खुर्चीवर ठेवली आणि मी तिला म्हणाले, “चुकलं माझं.”

“नाही हो मॅडम,” ती घाईघाईने म्हणाली, “पहिला फोटो माझा खरंच चांगला नव्हता आला.”