डॉक्टरांनी टेप दुसऱ्यांदा लावला तेव्हा

मैत्रिणींनो, दुपारी तपासणीहून आले, अजून तेच डोक्यात आहे, म्हणून लिहितेय.

मला सातवा महिना लागलाय. मागच्या खेपेला अकोल्यात, याच महिन्यात, डॉक्टरांनी पोटावर टेप लावून मोजलं, पुन्हा मोजलं आणि सोनोग्राफीला पाठवलं. बाळाची वाढ थांबली होती. ते बाळ गेलं.

आज राजापेठेतल्या दवाखान्यात सासूबाई सोबत होत्या. नव्या डॉक्टरांनी टेप लावला, काढला आणि परत लावला. मला अकोल्याचा तो दवाखाना आठवला.

"सूनबाई, कावून एवढी घाबरून राहिली?" सासूबाईंनी माझा हात धरला.

डॉक्टर म्हणाल्या, "अगं, पोट आवळून धरलंयस तू. माप नीट येत नाहीये. सैल सोड."

माप बरोबर आलं. तरी मागचं ऐकून त्यांनी सोनोग्राफी केली. डोकं, पोट, मांडीचं हाड, सगळं मोजलं. मी डोळे मिटून पडले होते.

"पाह्य ना माय, कशा लाता मारून राहिलं!" सासूबाई ओरडल्या.

मी पाहिलं. बाळ हलत होतं. वाढ अगदी महिन्याप्रमाणे होती.

घरी येऊन सासूबाईंनी शिरा केला. मी मात्र पोटावर हात ठेवून बसलेय. पहिल्या बाळाचीही शेवटची लाथ मला अशीच हाताला लागली होती, आणि ती शेवटची आहे हे मला कळलंच नव्हतं.

एक बाळ गमावून ज्यांनी दुसरं पोटात वाढवलंय, त्यांनी सांगा, चांगलं माप ऐकूनही ही भीती जाते का?